क्रोम नसलेले क्रोम : मणी, आरसे आणि मॉडेल मोटारीचा बंपर

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे अशी दोनच चित्रे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात. या गावाचा आणखी एक धंदा मात्र फारसा कोणाच्या खिजगणतीत नसतो. तो म्हणजे प्लास्टिकच्या मोत्यांचा. साच्यातून निघालेला मणी निस्तेज असतो. त्यावर मोतिया झाकेच्या लॅकरचे पातळ थर चढले की तो गळ्यात घालण्याजोगा होतो. आजच्या धाग्याचा विषय मणी नव्हे, प्लास्टिकच्या मॉडेल मोटारींवरील क्रोम हा आहे. पण दोहोंमागचा प्रश्न एकच आहे : प्लास्टिकच्या अंगावर परके तेज चढवायचे कसे?

प्रथम मूळ धातूकडे वळू. निकोला लुई व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली सायबेरियातील एका तांबड्या खनिजात हा नवा धातू ओळखला. त्याची संयुगे पिवळी, हिरवी, नारिंगी अशी नाना रंगांची असल्याने ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. गंमत अशी की पुढे मोटारीच्या बंपरवर त्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती त्याला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसल्यामुळे. क्रोमचा बंपर नीट न्याहाळून पाहा. वरच्या अर्ध्या भागात आकाश दिसते, खालच्या अर्ध्या भागात काळसर रस्ता, आणि मधोमध क्षितिजाची एक तीक्ष्ण रेघ. बंपर जे दाखवतो ते सगळे भोवतालचे असते. म्हणूनच चंदेरी रंगाची डबी घेऊन बसलेल्या नवशिक्याच्या हातून क्रोम कधीच साधत नाही. साधतो तो फक्त करडा.

मोटारींवर क्रोमचा मुलामा चढू लागला तो १९२० च्या दशकात. खऱ्या बंपरची रचना पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. खाली पोलाद, त्यावर बहुधा तांबे, मग निकेलचा बऱ्यापैकी जाड थर आणि अगदी शेवटी क्रोम. हा शेवटचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. झळाळी असते ती घोटून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाची आणि निकेलची. क्रोम केवळ ती काळवंडू देत नाही. आपल्याकडच्या कल्हईवाल्याला हे तत्त्व कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. तो आधी भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकून धातू स्वच्छ करतो. कथलाचा हात फिरतो तो सर्वांत शेवटी. घासण्यात आळस केला तर कथील धरतच नाही.

अशा चकाकीची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या वाचकाने विचारायलाच हवे. युरोपात शतकानुशतके आरसे बनत ते काचेमागे कथील आणि पारा यांचे मिश्रण बसवून. बव्हेरियातील फ्यूर्थ हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध होते, आणि पाऱ्याच्या वाफेने हात कापणारे, दात गमावलेले तिथले कारागीरही तितकेच प्रसिद्ध होते. क्रोम मुलाम्याच्या हौदांनी तीच कहाणी विसाव्या शतकात पुन्हा लिहिली. हौदात वीज खेळू लागली की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि फुटताना क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. या षट्संयुजी क्रोमियमने कामगारांच्या हातांवर खोल व्रण पडले, नाकाच्या पडद्याला छिद्रे पडली. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नंतर सिद्ध झाला. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या बंपरमध्ये ग्राहकाला आपला चेहरा दिसे; हौदाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा दिसत नसे.

पाऱ्यापासून आरशाची सुटका करणारा मार्ग युस्टुस फॉन लीबिग याच्या प्रयोगशाळेतून निघाला. अल्डिहाइडच्या साहाय्याने चांदीच्या क्षारातून शुद्ध चांदी काचेवर बसते, हे त्याने १८३५ मध्ये नोंदवले आणि १८५० च्या दशकात त्यावरून आरशांची पद्धत सिद्ध केली. दुर्बिणींचे आरसेही मग चांदीचे झाले. पण चांदी काळी पडते, आणि खगोलशास्त्रज्ञ पुनःपुन्हा मुलामा चढवून कंटाळले होते. त्यावर तोड काढली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्ट्राँग याने. त्याने निर्वात पेटीत टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ केली. वाटेत हवेचे रेणूच नसल्याने ती वाफ सरळ रेषेत जाऊन आरशावर बसली. १९३५ मध्ये माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीच्या आरशाला या रीतीने ॲल्युमिनियम चढवण्यात आले. ज्या आरशाच्या आधारे एडविन हबल याने विश्व प्रसरण पावत असल्याचा पुरावा मांडला होता, तो हाच.

आता या दुर्बिणीचा आणि खेळण्यातल्या मोटारीचा संबंध. मॉडेल किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे बंपरसारखा हौदातला मुलामा त्यावर थेट चढत नाही. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकला आम्लाने खरवडून खरा क्रोम चढवण्याची रीत १९६० च्या दशकात रुळली, पण ती खऱ्या गाड्यांच्या जाळ्यांसाठी. किट बनवणाऱ्यांनी स्ट्राँगचा मार्ग धरला. १९४८ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सुरू झालेल्या एएमटी कंपनीने १९५८ मध्ये एकाच पेटीतून तीन तऱ्हांची गाडी जोडता येईल अशी किटे बाजारात आणली. त्यानंतर बंपर, जाळी, चाकांचे टोप हे सारे चकचकीत भाग एका वेगळ्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्याला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, देण्याची प्रथाच पडली. चौकटीवर आधी लॅकर, मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ, वरून पुन्हा पारदर्शक लॅकर. वरचे लॅकर पिवळे केले की हाच थर सोनेरी दिसतो. बाजारातील कितीतरी सोनेरी मणी आणि प्लास्टिकची जर याच युक्तीने जन्मतात.

थोडक्यात, किटमधल्या ‘क्रोम’मध्ये क्रोमियमचा कणही नसतो. याचा पुरावा घरच्या घरी मिळतो. तो भाग कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवा. ॲल्युमिनियम विरघळून जाते आणि खाली लॅकर लावलेले प्लास्टिक उरते. खरे क्रोमियम त्या द्रावणाला दाद देत नाही. (हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचे भांडे मुळीच वापरू नका.)

जाणते मॉडेलकार हा कारखान्याचा थर मुद्दाम काढून टाकतात, तो याच उपायाने. कारण भाग चौकटीवरून कापला की कापल्या जागी पांढरा डाग उरतो, आणि साच्याची शिवण त्या आरशाखाली लपण्याऐवजी अधिकच उठून दिसते. मग शिवण खरवडायची, वॉटर पेपरने क्रमाक्रमाने बारीक घासायचे आणि एअरब्रशने चकचकीत काळा रंग द्यायचा. काळाच का? वर येणारा धातूचा थर इतका विरळ असतो की काही प्रकाश त्यातून आरपार जातो. खाली पांढरे असेल तर तो परत फिरतो आणि आरसा दुधाळ होतो. काळे असेल तर गिळला जातो. अल्क्लाडसारखी धातुकणांची लॅकरे याच काळ्या पायावर उभी राहतात. काळ्यात धुळीचा एक कण राहिला तर वरून काहीही करा, तो दिसणारच. खिडकीच्या बारीक पट्ट्यांसाठी मागे गोंद असलेला ॲल्युमिनियमचा अतिपातळ पत्रा चिकटवतात. माझ्या मते सपाट आणि अरुंद जागी अजूनही त्याला तोड नाही. मात्र यातील बहुतेक लॅकरांची द्रावके ज्वलनशील असतात आणि श्वासालाही घातक असतात. भिवंडीच्या मोती कारखान्यांना लागलेल्या आगींच्या बातम्या ठाणे जिल्ह्यातील वाचकाला नव्या नाहीत. निर्वात पेटीने धातूची वाफ बंदिस्त केली, लॅकरची नाही. खिडकी उघडी आणि तोंडावर योग्य मास्क, एवढे पथ्य पाळाच.

राहिला ‘खरेपणा’चा प्रश्न. समजा, तुम्हाला मुंबईची काळी-पिवळी करायची आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरलेली नाही. तिचे पुढील पिढ्यांसाठीचे चित्र आता छायाचित्रांबरोबर अशा मॉडेलांतूनही राहणार आहे. अशा वेळी तिच्यावर डेट्रॉइटच्या जाहिरातीतला निर्दोष आरसा चढवला तर ती टॅक्सी राहत नाही. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात क्रोम-निकेलच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोहोचते आणि गंज टिपक्याटिपक्यांनी वर येतो. तेव्हा आधी निर्दोष क्रोम साधा, पूर्ण वाळू द्या, आणि मग सर्वांत बारीक कुंचल्याने बंपरच्या खालच्या कडेला व बोल्टांभोवती तांबूस तपकिरी ठिपके द्या, सुईच्या टोकाएवढे आणि मोजकेच. वरचा फुगीर भाग स्वच्छच ठेवा. तिथे रोज सकाळी चालकाचे फडके फिरत असे.