भूमिगत इंधन टाक्यांची गळती आणि जांभा खडकातील भूजल

पेट्रोल व डिझेल साठवण्यासाठी जमिनीत पुरलेल्या टाक्या गंजल्यास किंवा त्यांच्या नळ्यांचे सांधे निसटल्यास इंधन भोवतालच्या मातीत झिरपते. टाकी काढून टाकल्यानंतरही अशा जागेतील माती व भूजल अनेक वर्षे दूषित राहू शकते. रत्नागिरी परिसरातील जांभा खडकाच्या सड्यांवर हा धोका विशेष असतो.

भूरचना

जांभा हा बेसाल्टच्या विदारणातून तयार झालेला, लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी समृद्ध असा सच्छिद्र खडक आहे. पावसाचे पाणी त्यातून वेगाने खाली जाते, चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरींची पातळी बरीच खालावते.

प्रदूषणाचे स्वरूप

पाण्यापेक्षा हलके असलेले इंधन भूजलावर तरंगते. भूजलपातळीबरोबर ते उन्हाळ्यात खाली उतरते व पावसाळ्यात वर चढते; दरवेळी त्याचा काही अंश खडकाच्या छिद्रांत अडकून राहतो. त्यातून बेंझीन, टोल्यूइन यांसारखी संयुगे पाण्यात विरघळत राहतात. बेंझीन कर्करोगकारक असून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम सुचवली आहे.

तपासणी व उपाय

एकाच ऋतूतील नमुन्यावरून जागा निर्धोक ठरवता येत नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर, उताराच्या दिशेने असलेल्या विहिरींचे व झऱ्यांचेही पाणी तपासावे लागते. दूषित माती हलवणे, तरंगते इंधन उपसणे आणि जमिनीत हवा खेळवून सूक्ष्मजीवांकरवी इंधनाचे विघटन घडवणे हे प्रमुख उपाय आहेत.