शिलेदाराचा थकलेला पगार व घरचें वतन

मराठी लष्कराच्या लढाया, तह व सरदारांच्या वंशावळी यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या स्वाराच्या जिवावर त्या लढाया झाल्या, तो पगार थकला असतां दिवस कसे काढी, या प्रश्नाकडे लक्ष कमी गेलें आहे. अमेरिकेंत विमान-कंपन्यांचे कित्येक वैमानिक लष्कराच्या राखीव दलांतही असतात. कंपनीशीं तंटा होऊन काम बंद पडल्यास लष्करी वेतनाचा कांहीं आधार त्यांस राहतो, असें वाचनांत आलें, तेव्हां सातारा प्रांतींचा शिलेदार डोळ्यांपुढें उभा राहिला.

घोडा व हत्यार स्वतःचें तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद वाचकांस विदितच आहे. दसऱ्यास स्वारी निघे, पावसाळ्यापूर्वीं परते, आणि कृष्णाकांठचा स्वार पुन्हा नांगरास हात लावी. चाकरी धरतांना घोड्यामागें नालबंदी आगाऊ मिळे, मोहिमेंत पोटापुरता रोजमुरा. बाकीचा हिशेब मागाहून, हजिरी पाहून. हें 'मागाहून' किती लांबेल याचा नेम नसे. खुद्द थोरल्या बाजीरावांस साताऱ्याजवळील धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचें कर्ज घ्यावें लागलें. मग लहान पथक्याची कथा काय!

पगार थकला म्हणजे शिपाई तगादा लावीत, व शेवटीं सरदाराच्या दारीं धरणें धरीत. शिंद्यांचें मूळ गांव साताऱ्याकडील कण्हेरखेड. त्यांच्याच छावणींत १८०९ सालीं ब्रौटन या इंग्रज अधिकाऱ्यानें असलें धरणें पाहून लिहून ठेविलें आहे. धरणें किती दिवस चालेल, हें माझ्या मतें मागणीच्या न्याय्यतेवर नव्हे, तर घरची चूल कशावर पेटते यावर ठरे. ज्याचें वतन किंवा चार बिघे जमीन असे त्यास वाट पाहतां येई. न जमल्यास घोडा घेऊन तो गांवाकडे वळे. गारद्याचें तसें नव्हतें. परमुलखांतून आलेल्या त्या पायदळास महिन्याच्या रोकडीवांचून दुसरा आधार नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं सुमेरसिंग व त्याचे गारदी थकलेल्या पगाराचें निमित्त करून शनिवारवाड्यांत शिरले, आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कारस्थान निराळें होतें हें खरें. पण तेंच निमित्त पुढें करतां आलें, यांत त्या काळची स्थिति दिसते.

वतन हें निव्वळ कवचही नव्हे. चाकरींत कसूर दिसली कीं धनी तें जप्त करूं शके. म्हणजे जो आधार तोच ओलीस. शिवाय घोडा पडला तर शिलेदाराचें भांडवलच बुडे. शिलेदार घोडा राखून लढे, असा आक्षेप त्याजवर घेतात. मला तो फारसा दोष वाटत नाहीं.

हेंच चित्र मोठ्या प्रमाणावर पटवर्धनांच्या घरीं दिसतें. सरंजाम पथकाच्या अटीवर होता. दुसऱ्या बाजीरावांशीं तेढ पडली तेव्हां चाकरी टाळूनही ते टिकले, कारण महालांचें उत्पन्न त्यांच्या हातीं होतें. १८१२ सालीं पंढरपूर येथें एल्फिन्स्टननें तोड काढली : सरंजामदारांनीं करारान्वयें चाकरी करावी, पेशव्यांनीं सरंजामास हात लावूं नये. १८०१ सालीं मिरजेहून निघून सांगलीस वेगळें ठाणें करणारे चिंतामणराव आप्पासाहेब यांनीं पेशवाईनंतर इंग्रजांची लष्करी चाकरी पत्करण्यापेक्षां सुमारें १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. त्यांच्या पथकांतील साध्या स्वाराजवळ असें सोडण्याजोगें कांहीं नव्हतें.

मिरजेस संस्कृत शिकवीत असतां वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी पत्रें उजेडांत आणिलीं. आतां संग्राहकांस एवढीच विनंति कीं, नालबंदीच्या याद्या व हजिरीचे बंद 'किरकोळ' म्हणून बांधून ठेवूं नयेत. स्वाराच्या नांवापुढें गांव असल्यास त्या गांवचे वतनाचे कागद शेजारीं ठेवून पाहावेत, व एकाच माणसाचे दोन्ही कागद जुळल्यास त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी.