ज्यानं झाड वाढवलं, त्याला विचारा



आमच्या तालुक्याच्या गावात ओढ्याकाठी नगरपरिषदेची सव्वा एकर पडीक जागा होती. गेली नऊ वर्षं पंधरा-वीस माणसं तिथं देशी झाडं जगवतायत. त्यात निवृत्त मास्तर आहेत, एक वायरमन आहे, रिक्षावाला आहे, नर्सिंगच्या दोन मुली आहेत. आज तिथं पळस, बहावा, मेडशिंग, अर्जुन, आपटा उभे आहेत. खाली करवंद, निरगुडी, तरवड. आता तिथं 'सुशोभीकरण' येतंय. लॉन, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट. या माणसांनी हरकत घेतली, तर उत्तर मिळालं: "जागा शासनाची. तुम्ही कोण?"

प्रश्न साधा वाटतो. पण महाराष्ट्रात तो तीनशे वर्षं तरी विचारला जातोय, आणि त्याचं उत्तर दर वेळी वेगळं मिळालंय.

झाडं तोडू नका सांगणारं 'शिवरायांचं पत्र' दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतं. तो मजकूर मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. शिवकाळातल्या कारभाराची रीत त्यात उतरली आहे असं मानतात. पण तो नीट वाचला तर 'झाडं तोडू नका' एवढंच त्यात नाही. आरमाराला लाकूड लागणारच, हे आधी मान्य केलंय. सागासारखं लाकूड हुजूरच्या परवानगीनं घ्यावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जुनं, कामातून गेलेलं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. म्हणजे राज्याची गरज मोठी असली तरी ज्यानं झाड वाढवलं त्याला आधी विचारायचं.

दुसरी रीत देवराईची. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. तिथं वाढवणारा एकटा माणूस नाही, अख्खं गाव. धनी देव. कित्येक राईंमध्ये पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही. कोकणात झाड तोडायची वेळ आलीच तर देवाला कौल लावायचा. आपण याला श्रद्धा म्हणतो आणि पुढं जातो. पण जरा कारभार म्हणून बघा. कौल लावायचा म्हणजे सगळ्यांसमोर विचारायचं. रात्रीत कुणा एकाला सौदा करता येत नाही. राई टिकली ती नुसत्या देवाच्या भीतीनं नाही, या पद्धतीनंही टिकली.

मग इंग्रज आले. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली आणि लोहमार्गाखालच्या स्लीपरसाठी लाकडाची भूक सुरू झाली. १८६४ मध्ये वनखातं निघालं, १८६५ ला पहिला वनकायदा आला. १८७८ च्या कायद्यानं जंगलाचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिले दोन झपाट्यानं वाढले. गावाच्या ताब्यातलं ग्रामवन बहुतेक कागदावरच राहिलं. कालपर्यंत ज्या रानात गावाची गुरं चरत होती, तिथं गाव गुन्हेगार ठरलं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात जंगलखात्यानं गायरानं बळकावल्याचा राग स्पष्ट आहे. "तुम्ही कोण?" हा प्रश्न सरकारी भाषेत आला तो या काळात.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, फाईल राहिली. १९७५ च्या खाजगी वने (संपादन) कायद्यानं आणखी जमीन सरकारकडे आली. कोकणात आजही कित्येक देवरहाटींच्या सातबारावर 'महाराष्ट्र शासन' आहे, आणि देवळाची दुरुस्ती करायची तरी गावकऱ्यांना कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

याच काळात पुण्यातले दोन शास्त्रज्ञ, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ, देवराया पायी धुंडाळत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली. गावची राई तोडणीला निघाली होती. गावाचं म्हणणं साधं होतं: आमचा ओढा या राईतून येतो, ती गेली तर पाणी गेलं. शास्त्रज्ञांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि तोड थांबली. राई वाचली याचा आनंद आहेच. पण पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या गावाचा शब्द एकट्यानं पुरला नाही, मध्ये पुण्याचा माणूस लागला, हेही विसरू नका.

नंतर लागवडीचं युग आलं. लवकर हिरवं दिसतं म्हणून सुबाभूळ आणि गिरीपुष्प टेकड्या-टेकड्यांवर लागलं. दोन्ही मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. २०१९ मध्ये राज्यानं एका हंगामात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. खड्डा, रोप, फोटो. अलीकडे शहरांत मियावाकी जंगलं निघालीत. ती पद्धत काढणाऱ्या जपानी अकिरा मियावाकींना प्रेरणा कुठून मिळाली? तिथल्या शिंतो देवळांभोवती राखलेल्या रायांमधून! म्हणजे देवराईचीच कल्पना जपानमार्गे आपल्याकडे टेंडर होऊन आली. फक्त त्या टेंडरात राखणारं गाव नसतं.

आणि राखणं म्हणजे काय, ते मी या ओढ्याकाठी बघितलंय. दसऱ्यानंतर वाळलेलं गवत कापायचं. थंडीत जाळरेषा काढायची, नाहीतर एक विडी पुरते. फेब्रुवारी ते मे कॅननं पाणी घालायचं. घाणेरी आणि रानमोडी मुळासकट उपटायची, पुढच्या वर्षी परत उपटायची. आपटा म्हणून नर्सरीनं दिलेलं रोप कांचनाचं निघालं की हसून दुसरं शोधायचं. यातल्या एकाही कामाचं उद्घाटन होत नाही, फीत कापायला काही नसतंच.

नगरपरिषदेचीही बाजू आहे. बायकांना संध्याकाळी फिरायला सुरक्षित जागा हवी, पोरांना व्यायामाची सोय हवी. ही गरज खरी आहे. पण पायवाट आणि दिवे कडेनं बसतात. मधली झुडपं काढून लॉन टाकायची गरज नाही. लॉनला रोज पाणी लागेल. मेडशिंग आता मागत नाही.

आणि "तुम्ही कोण?" याचं उत्तर आजच्या कायद्यात आहे. जैवविविधता कायदा २००२, कलम ४१. प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. हरित लवादानं त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती. याच कायद्याखाली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली सुमारे अडीच हेक्टरची देवराई जैविक वारसा स्थळ झाली. रान जायफळाच्या कुळातल्या झाडांची ती दलदल गावानं देवाच्या नावानं राखली, म्हणून कायद्याला जाहीर करायला काहीतरी उरलं होतं.

आमच्या मागण्या तीनच. या सव्वा एकराची नोंद नोंदवहीत करा. समितीत राखणाऱ्यांपैकी दोघांना घ्या. आणि काम सुरू करण्याआधी त्यांच्यासोबत जागेवर एक बैठक घ्या, कचेरीत नको.

तुमच्या गावची समिती कुणाकुणाची आहे, नोंदवही कुठल्या कपाटात आहे, ते सोमवारी जाऊन विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. मी बातमी करतो.