पाठीवरचे दप्तर

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले की घरोघर खरेदीची यादी तयार होते. वह्या, छत्री, गणवेशाचे कापड, पावसाळी चपला. आणि या यादीतील ज्या वस्तूवर सर्वांत अधिक खल होतो ती म्हणजे दप्तर. आईला ते टिकाऊ हवे असते, मुलाला देखणे हवे असते आणि वडिलांची नजर किमतीच्या चिठ्ठीवर खिळलेली असते. तिघांचेही म्हणणे रास्तच असते. मात्र ज्या पाठीवर ते दप्तर रोज चढायचे, त्या पाठीचा विचार या वाटाघाटीत बहुधा सर्वांत शेवटी होतो. प्रश्न घरगुती खरा. परंतु जपानने या एकाच वस्तूवर जवळजवळ दीड शतक बुद्धी, पैसा आणि कारागिरी खर्च केली आहे. तिचा इतिहास आपल्याही उपयोगी पडण्यासारखा आहे.

‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ नोंदवही, हिशेबाचे कागद, आणि पुढे ते कागद जेथे ठेवावयाचे ती कचेरी. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधलेले असत आणि त्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ असे नाव होते. शाळकरी पोरानेही पाटी-पुस्तक असेच फडक्यात बांधून बगलेत मारावे, ही रीत आपल्याकडे दीर्घकाळ चालली. जपानातही तेच होते. तेथील चौकोनी कापडाला ‘फुरोशिकी’ म्हणतात. बाजारहाट असो, नजराणा असो वा मुलाची पुस्तके असोत, सर्व काही त्या एका कापडात गाठ मारून नेले जाई. कापड स्वस्त, धुता येणारे, घडी घालून ठेवता येणारे. उणीव एवढीच की ते नेणाऱ्याचा एक हात सदैव अडकलेला राही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्य पद्धतीचे लष्कर उभारावयास आरंभ केला, तेव्हा शिपायाच्या पाठीवरची पिशवीही त्या कवायतीबरोबर आली. डच भाषेत तिला ‘रान्सेल’ म्हणत. जपानी जिभेवर त्याचे ‘रान्दोसेरू’ झाले. शिपायाचे हे सामान शाळकरी मुलाच्या पाठीवर कसे आले, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

तोक्योमध्ये १८७७ साली उमरावांच्या मुलांसाठी गाकुशुइन ही शाळा सुरू झाली. तेथील मुले घोडागाडीतून वा रिक्षातून येत आणि त्यांची पुस्तके उचलावयास बरोबर नोकर असे. १८८५ साली शाळेने ही प्रथा बंद केली. घरची श्रीमंती शाळेच्या दारात आणावयाची नाही, शाळेत सर्व मुले सारखी, आणि ज्याचे ओझे त्याने स्वतः वाहावे, असा हा दंडक होता. दोन्ही हात मोकळे ठेवून स्वतःचे ओझे वाहण्याचे साधन म्हणून पाठीवरची पिशवी निवडण्यात आली. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये, युवराज योशिहितो, म्हणजे पुढील काळातील सम्राट तैशो, या शाळेत दाखल झाले. त्या वेळी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांनी त्यांना लष्करी धाटणीची चामड्याची पाठपिशवी भेट दिली. पुढे काळे चामडे आणि पेटीसारखा ताठ आकार रूढ झाला, आणि आजच्या जपानी दप्तराचा साचा तेथेच पक्का झाला. समतेच्या हेतूने आरंभलेल्या या वस्तूला राजपुत्राच्या पाठीमुळे प्रतिष्ठा लाभली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तथापि सामान्य जपानी मुलापर्यंत हे दप्तर पोहोचण्यास फार काळ लागला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ते मुख्यतः शहरांतील सुखवस्तू घरांत दिसे. खेड्यांतील मुले फुरोशिकी किंवा खांद्याला अडकवायची कापडी पिशवीच वापरीत. १९५५ नंतरच्या आर्थिक भरभराटीत ते देशभर पसरले. १९६४ साली ‘क्लारिनो’ हे कृत्रिम चामडे निघाले, आणि खऱ्या चामड्याहून हलकी व पाण्याला दाद न देणारी दप्तरे बनू लागली.

या दप्तराचे गणित साधे आहे. जपानातील प्राथमिक शिक्षण सहा वर्षांचे. मूल पहिलीत जाताना दप्तर घ्यावयाचे आणि तेच सहा वर्षे वापरावयाचे. बनविणारेही बहुधा सहा वर्षे दुरुस्तीची हमी देतात. पट्टे मुलाच्या वाढीबरोबर लांबविता येतात. खांद्यावर व पाठीला टेकणाऱ्या भागात मऊ गादी असते. ज्या जागी ओढ अधिक त्या जागी शिवण दुहेरी असते. कित्येक घरांत हे दप्तर आजी-आजोबा घेऊन देतात. मुलग्यांना काळे व मुलींना लाल, हा जुना संकेतही कालांतराने ढिला पडला. २००१ साली एका मोठ्या दुकान-साखळीने एकदम २४ रंगांची दप्तरे विक्रीस मांडली. टिकाऊपणा आणि शोभा यांचे वैर नाही, हे या कारागिरांनी निःसंशय सिद्ध केले.

परंतु सिद्धीबरोबर तिची किंमतही येते. अलीकडच्या वर्षांत पालक या दप्तरासाठी सरासरीने ६०,००० येनांच्या आसपास खर्च करतात. ज्या वस्तूने श्रीमंत-गरीब हा भेद शाळेच्या दाराबाहेर ठेवावयाचा, तीच वस्तू कित्येक घरांना कर्जासारखी वाटू लागली. शिवाय सहा वर्षे टिकावे म्हणून जे मजबूत केले ते जडही झाले. रिकामे दप्तरच एक ते दीड किलोचे भरते. पुस्तकांचे आकार वाढले तसे ओझेही वाढले. अखेर २०१८ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांना सूचना पाठविली, की घरी न लागणारी पुस्तके मुलांना शाळेत ठेवू देण्याचा विचार व्हावा. तोयामा प्रांतातील तातेयामा या नगराने २०२३ पासून पहिलीच्या मुलांना हलक्या पाठपिशव्या विनामूल्य देण्यास आरंभ केला. १८८५ चा मूळ हेतू जणू वेगळ्या वाटेने परत आला.

आपल्याकडेही या ओझ्याची कैफियत मांडली गेली आहे. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत भाषण केले ते मुलांच्या पाठीवरील दप्तराविषयी. पुढे प्राध्यापक यश पाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल सादर केला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजता पाठ करण्याचे ओझे अधिक घातक, हे त्या समितीचे मर्मग्राही निदान होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये, आणि केंद्र सरकारच्या धोरणाने २०२० मध्ये, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरविले.

हा नियम दुकानात उभ्या असलेल्या गृहस्थालाही उपयोगी पडणारा आहे. मूल २० किलोचे असेल तर भरलेले दप्तर २ किलोंपर्यंतच असावे. त्यात रिकामी पिशवीच सव्वा किलोची घेतली, तर पुस्तके, वह्या, डबा आणि पाणी या सर्वांसाठी उरतात अवघे ७५० ग्रॅम. म्हणून दप्तर घेताना आधी ते रिकामे उचलून पाहावे. पट्टे दोन आणि रुंद असावेत. ते जेथे शिवले आहेत तेथील टाके उलटून तपासावेत, कारण दप्तर बहुधा तेथेच प्रथम उसवते. तळाचे कापड दुहेरी आहे का, चेन अडखळल्यावाचून सरकते का, हे पाहावे. आणि शेवटी ते मुलाच्या पाठीवर चढवून, ते कमरेखाली लोंबत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. एवढे झाले, की रंग मुलाने निवडावा. तो त्याचाच अधिकार आहे.

सहा वर्षे वापरलेली जपानी दप्तरे २००४ पासून एका उपक्रमाद्वारे अफगाणिस्तानातील मुलांकडे पाठविली जाऊ लागली. एका मुलाचे प्राथमिक शिक्षण संपले तरी दप्तर संपलेले नसते. ते दुसऱ्याच्या शिक्षणास उपयोगी पडते. टिकाऊपणाची याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही. मात्र तिच्या जोडीला दुसरी कसोटी तितकीच महत्त्वाची आहे. वस्तू टिकावी हे खरे, पण ती वाहणारी पाठही ताठ राहावी. गाकुशुइनच्या मुलांना स्वतःचे ओझे स्वतः वाहण्यास शिकविले गेले. ते ओझे वाहण्याजोगे ठेवणे हे मात्र सदैव वडीलधाऱ्यांचेच काम राहिले आहे.