तांब्याच्या सळीची प्रत आणि तिचे उपयोग

आपल्या बऱ्हाणपुरात यंत्रमाग चालतात ते मोटरीवर, आणि मोटर चालते ती आतल्या तांब्याच्या तारेवर. ही तार सळीपासून ओढतात. बँकेत असताना बदलीच्या गावी तार ओढणाऱ्या एका खातेदाराचा तारण माल मी तपासत असे. सळीची वेटोळी मोजायची, वजनाच्या पावत्या पाहायच्या. प्रत विचारावी हे मात्र कधी सुचले नाही. सगळी दिसायला सारखीच तांबूस!

बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्तान कॉपरची मोठी खाण आहे. याच कंपनीचा सळीचा कारखाना १९८९ मध्ये पनवेलजवळ तळोजाला सुरू झाला. अशा कारखान्यात ९९.९९ टक्के शुद्ध कॅथोड वितळवून अखंड ओततात आणि गरम असतानाच लाटून साधारण ८ मिलिमीटर जाडीची सळी काढतात.

सर्वांत जास्त खपते ती ईटीपी. तीत तांबे किमान ९९.९० टक्के आणि थोडा ऑक्सिजन, दहा लाख भागांत साधारण २०० ते ४००. हा ऑक्सिजन दोष नव्हे. तो उरलेल्या अशुद्ध द्रव्यांना ऑक्साइडच्या रूपात बांधून ठेवतो, म्हणून वीज चांगली वाहते. १९१३ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापाने ईटीपीची वाहकता शंभर टक्क्यांच्या आसपास भरते. घरातली वायर, मोटर आणि ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग, बसबार यांना हीच लागते.

मात्र हायड्रोजन असलेल्या ज्योतीत ती तापवली, की आत वाफ तयार होऊन धातूला तडे जातात. तेथे ऑक्सिजनमुक्त तांबे घेतात. निर्वात उपकरणांतही तेच. फॉस्फरसयुक्त डीएचपी चांगले झाळता येते, म्हणून एसी-फ्रीजच्या नळ्यांना चालते, पण त्याची वाहकता बरीच कमी. टेल्युरियम घातलेले तांबे लेथवर सहज कापले जाते.

खरा घोळ भंगार वितळवून नीट शुद्ध न केलेल्या सळीत असतो. लोह, फॉस्फरस अगदी थोडे राहिले तरी रोध वाढतो, मोटर तापते, तारेवरचे इनॅमल जळते. येथल्या एका मागवाल्याची मोटर एकाच हंगामात तीनदा जळाली आणि हप्ता थकला. मी ती सबब समजून कडक नोटीस पाठवली. पुढे दुसऱ्या कारागिराने तार तपासली, तेव्हा जाडीच्या मानाने तिचा रोध फार जास्त निघाला. नोटीस तेव्हा परत घेता आली नाही.

रिवाइंडिंगला मोटर देताना तारेच्या बंडलाचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यात वाहकतेचा आकडा आधी पाहावा.