त्वचेचा ‘प्रकार’ ठरवला कोणी?

विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही त्वचेविषयी बोलत होतो. चर्चा संपताना नववीला शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, “वर्गातल्या मुली विचारतात, ‘बाई, माझी त्वचा कोणत्या प्रकारची? मी काय लावू?’ त्यांना काय सांगायचे?” प्रश्न साधा होता, पण उत्तर देऊ लागल्यावर आमच्या लक्षात आले की त्याआधी दुसराच प्रश्न सोडवायला हवा. त्वचेचे हे प्रकार ठरवले कोणी, आणि कशासाठी?

कोरडी, तेलकट आणि सामान्य ही विभागणी आपल्याला दुकानातल्या डब्यांवर भेटते. ती रूढ करण्याचे श्रेय सहसा हेलेना रुबिनस्टाइन यांना दिले जाते. पोलंडमधील क्राकूव्ह शहरात जन्मलेल्या या बाई ऑस्ट्रेलियात गेल्या आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मेलबर्नमध्ये त्यांनी क्रीमचा व्यवसाय सुरू केला. प्रत्येक त्वचेला वेगळे क्रीम, ही कल्पना व्यापाराला सोयीची होती यात शंका नाही. पण ती निराधारही नव्हती. त्वचेतील तैलग्रंथी सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवतात आणि त्याचे प्रमाण माणसागणिक बदलते. अडचण एवढीच, की ते एकाच माणसातही बदलते. कपाळावर आणि नाकावर या ग्रंथी दाट असतात, पायांवर विरळ. वयात येताना संप्रेरकांमुळे त्यांचे काम वाढते, उतारवयात मंदावते. म्हणजे चौदाव्या वर्षीची ‘तेलकट’ मुलगी साठीत ‘कोरडी’ होऊ शकते. हा प्रकार रक्तगटासारखा जन्मभराचा नव्हे. तो आजचा, या ऋतूतला आणि शरीराच्या त्या भागापुरता असतो.

दुसरे वर्गीकरण दुकानात नव्हे, रुग्णालयात जन्मले. त्याचा धागा आपल्या ओळखीच्या एका वनस्पतीशी जुळतो. आपल्याकडे कोडावर बावचीच्या बिया वापरण्याची परंपरा जुनी आहे. बावचीत सोरॅलेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेत असताना ऊन लागले तर त्वचेवर उन्हाचा परिणाम फार वाढतो. याच कुळातील मेथॉक्सॅलेन हे औषध पोटात देऊन नंतर अतिनील किरण सोडायचे, आणि सोरायसिस आटोक्यात आणायचा, असा उपचार अमेरिकेत बोस्टन येथे विकसित झाला. १९७४ साली त्यावर प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या लेखकांत जॉन पॅरिश आणि थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्याबरोबर मधुकर पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते.

आता प्रश्न आला मात्रेचा. किरण कमी पडले तर गुण नाही, जास्त पडले तर त्वचा भाजणार. सुरुवातीला केसांच्या व डोळ्यांच्या रंगावरून अंदाज बांधला गेला, पण तो फसला. गडद केसांचे काही रुग्णही भाजले. तेव्हा फिट्झपॅट्रिक यांनी रंग पाहणे सोडून रुग्णालाच विचारायचे ठरवले: उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजते का? नंतर ती काळवंडते का? या उत्तरांवरून त्यांनी १९७५ साली गोऱ्या त्वचेचे चार प्रकार केले. आपल्यासारख्यांची तपकिरी त्वचा पाचव्या आणि काळी त्वचा सहाव्या प्रकारात पुढे जोडली गेली. गोऱ्यांसाठी चार खण आणि उरलेल्या जगासाठी दोन! हा निसर्गनियम नव्हे. प्रश्न ज्या रुग्णांसाठी विचारला गेला, त्यांचा तो ठसा आहे.

त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि विखुरण्यात. तेव्हा सावळा रंग हा दोष नाही. ते उन्हापासूनचे संरक्षण आहे, मात्र संपूर्ण नव्हे. ‘गोरे होण्यासाठी’ म्हणून स्टिरॉइडयुक्त मलम मनानेच चेहऱ्याला लावणाऱ्या मुलामुलींची त्वचा पातळ होते, लाल होते, पुटकुळ्यांनी भरते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याचसाठी.

सर्व प्रकारांना समान असे एक सत्य मात्र आहे. १९२८ साली जर्मनीतील शाडे आणि मार्किओनिनी यांनी त्वचेच्या पृष्ठभागावरील आम्लधर्मी आवरणाचे वर्णन केले. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. तोंड तेलकट वाटते म्हणून दिवसातून पाच वेळा साबण लावणारा विद्यार्थी तेलाबरोबर हे आवरणही धुऊन टाकतो, आणि मग त्वचा ओढल्यासारखी होते.

हे वर्गात दाखवता येते. हळदीने रंगवलेल्या कागदाच्या पट्टीवर साबणाचे पाणी टाका. पट्टी लाल होते. मग वेगवेगळे साबण व फेसवॉश तपासून पाहा. दुसरा प्रयोग: नुसत्या पाण्याने तोंड-हात धुऊन तासाभराने पातळ कागद कपाळावर, गालावर आणि हातावर दाबा. तेलाचे डाग कुठे पडतात ते प्रत्येकाने स्वतःच्या वहीत नोंदवावे. रंगावरून मुलांची रांग मात्र कधीही लावू नये.

तर बाईंनी मुलींना काय सांगावे? सौम्य साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. हातपाय कोरडे पडत असतील तर आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे; पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला ते लावू नये. दुपारच्या उन्हात डोके व हात झाकावेत. आणि डब्यावर ‘अमुक प्रकारासाठी’ असे वाचले की आधी विचारावे: हा प्रकार कोणी ठरवला, आणि कोणत्या प्रश्नासाठी? आम्हांला वाटते, त्या तासाला मुली एवढे विचारायला शिकल्या तरी विज्ञानाचा एक धडा पुरा झाला.