सर्दीजन्य प्रतिरक्षा व कोविड

सर्दीच्या करोना व्हायरसांचा संसर्ग पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तीस कोविड–१९ या रोगाविरुद्ध अंशतः प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) मिळत असावी, असा तर्क २०२० मध्ये पुढे आला. एका रोगकारकाने त्याच्या भाऊबंदापासून रक्षण करावे, ही कल्पना मुंबईस नवी नव्हती. गोस्तन देवीची लस टोचल्यास माणसाची देवी टळते, या तत्त्वावर भारतातील पहिले यशस्वी लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईतच ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाले होते. तथापि देवीची प्रतिरक्षा दीर्घकाळ टिकते. सर्दीची टिकत नाही. २२९ई हा सर्दीचा करोना व्हायरस इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांच्या नाकात सोडण्यात आला व वर्षभराने तो प्रयोग पुन्हा करण्यात आला. आधी संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना तो पुन्हा झाला. सर्दी मात्र एकालाही झाली नाही, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग टळणे व रोग सौम्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पुढील वादात हा भेद वारंवार विसरला गेला.

महासाथीपूर्वी साठविलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी अमेरिकेत ला होया येथे झाली. त्यांपैकी सु. ४० ते ६० टक्के नमुन्यांत नव्या व्हायरसाला प्रतिसाद देणाऱ्या टी-कोशिका आढळल्या. यांतील काही कोशिका सर्दीच्या व्हायरसांनाही ओळखतात, असे २०२० मध्येच दिसून आले. टी-कोशिका सामान्यतः व्हायरसाचा शिरकाव रोखत नाहीत, तर बाधित कोशिका नष्ट करतात.

मुंबईच्या उपनगरांतील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी जुलै २०२० मध्ये चेंबूर व दहिसर ही उपनगरे आणि शहरातील माटुंगा येथील विभागांत प्रतिपिंडांचे सर्वेक्षण केले. ६,९३६ नमुन्यांपैकी झोपडपट्ट्यांतील सु. ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सु. १६ टक्के नमुन्यांत प्रतिपिंड आढळले. दाटीच्या वस्तीत सर्दीपडसे नित्याचे असूनही संसर्ग अडला नाही. सामाईक शौचालयांसारख्या सोयींमुळे तो उलट फैलावला असावा. त्या मानाने मृत्यू थोडे होते: बाधितांमागे मृत्यूचे प्रमाण ०·०५ ते ०·१० टक्के असल्याचा अंदाज करण्यात आला. याचे श्रेय जुन्या सर्दीला देण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु झोपडपट्ट्यांतील लोकसंख्या वयाने तरुण असते आणि तेथील मृत्यूंची नोंदही अपुरी राहणे शक्य असते. ही दोन कारणे बाजूस सारता येत नाहीत. शिवाय सर्वेक्षणात केवळ प्रतिपिंड मोजले गेले, टी-कोशिका नव्हेत.

१९२१ च्या नव्हे, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आरंभी बहुतांश रुग्ण इमारतींतून आले. झोपडपट्ट्यांना तेव्हा लाभलेले संरक्षण सर्दीपेक्षा आदल्या वर्षीच्या कोविड संसर्गानेच अधिक समाधानकारकपणे उलगडते. त्याच वर्षी ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये मुंबईतील ८६·६४ टक्के नमुन्यांत प्रतिपिंड आढळले. लस वा संसर्ग यांचा स्पर्श न झालेली वस्ती त्यानंतर तुलनेस उरली नाही.